विहिरीकाठच्या पाच जणी

"बाई, हा कुणाचा?"

माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. आमच्याकडे पुतळा म्हटला की तो कुणाचा तरी असावा लागतो. तो चौकात असतो, जयंतीला त्याला हार पडतो, खाली नाव कोरलेलं असतं. मी ज्या कलादालनात काम केलं तिथं येणारी शिल्पं कुणाचीच नसायची. विटा वाहणारी एक बाई, हातगाडीवर झोपलेला हमाल, एकदा तर नुसताच एक पाय. दवाखान्याच्या कामाला गावाकडून आलेली, कोर्टाची तारीख पुढं गेली म्हणून वेळ काढायला आत शिरलेली माणसं त्या पायासमोर उभी राहायची आणि मला विचारायची, "हा कुणाचा?" मी म्हणायचे, "तुमचाच समजा." त्यावर कुणी हसायचं, कुणी गोंधळून निघून जायचं. एका गृहस्थानं मात्र खरोखरच चप्पल काढून आपला पाय शेजारी लावून पाहिला आणि "माझा नाय," असं मला सांगून मगच तो पुढं सरकला.

शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या आठवणींवर जुनाच पत्ता आहे, तो तसाच राहू देते. वडिलांचं गुलमंडीत कापडाचं दुकान होतं. मी चित्रकलेला जाते म्हटल्यावर ते म्हणाले, "जा, दुकानाची पाटी तरी घरच्या घरी रंगवून होईल." पाटी मी कधीच रंगवली नाही. मी कलादालनाची व्यवस्थापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. स्वतः शिल्पकार नसूनही या गावात शिल्प कसं बघायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांत मी आहे, असं मी बिनदिक्कत म्हणते. खोटं वाटत असेल तर त्या काळातल्या कुठल्याही शिल्पकाराला विचारा. तो आधी माझ्या नावानं कपाळाला आठ्या घालील, आणि मग कबूल करील.

शिल्पाचं प्रदर्शन मांडणं म्हणजे नेमकं काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. चित्र भिंतीला टांगलं की त्याचं काम संपतं. शिल्पाला पाठ असते. माणूस त्याच्याभोवती फिरला पाहिजे आणि फिरताना दुसऱ्यावर आदळता कामा नये. मग ज्यावर शिल्प ठेवायचं तो लाकडी ठोकळा. तो वीतभर उंच झाला की शिल्पाचा देव होतो आणि वीतभर बुटका झाला की खेळणं होतं. आणि उजेड. समोरून दिवा मारला की शिल्प सपाट पडतं, ओळखपत्रावरच्या फोटोसारखं. दिवा एका अंगानं आला पाहिजे, म्हणजे सावली पडते आणि सावली पडली की प्लास्टरला अंग येतं. नोकरीभर मी काय केलं असं कुणी विचारलं तर मी सांगते, सावल्या पाडल्या.

ठोकळे करायचे आमचे सुतार शफीकभाई. जुन्या शहरातलं त्यांचं घराणं, दारं-खिडक्या करण्यात मुरलेलं. शिल्पकला या प्रकाराबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता, पण शिल्प पडलं तर आपल्या ठोकळ्याची बदनामी होईल या धास्तीनं ते फार जपायचे. एकदा बाहेरगावच्या एका शिल्पकारानं मातीची एक बसलेली बाई मांडली होती. शुक्रवारी कुणीतरी तिला कुंकू लावलं. दुपारी फुलं आली, संध्याकाळी उदबत्ती. शिल्पकार संतापून थरथरायला लागला. त्याच्या मते ती बाई म्हणजे शोषणाचं प्रतीक होती. शफीकभाईंनी त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "कायकू गुस्सा करते साब? तुम्हारी मूरत पास हो गई." तो काही समजला नाही. मी कुंकू पुसून घेतलं, पण फुलं राहू दिली.

उद्घाटनांबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. समई, शाल, श्रीफळ आणि पाहुणे. पाहुण्यांनी शिल्पं बघितलीच पाहिजेत असा काही नियम नव्हता. एका पाहुण्यांनी श्रमाच्या प्रतिष्ठेवर फार सुंदर भाषण केलं आणि सगळं भाषण त्यांनी झोपलेल्या हमालाच्या डोक्यावर कोपर टेकून केलं. खाली टाळ्या पडत होत्या आणि मी त्या हमालाच्या मानेकडे बघत श्वास धरून उभी होते.

पण आज जे सांगायला बसले ते भास्करच्या प्रदर्शनाबद्दल.

भास्कर करमाडच्या पुढच्या एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आजूबाजूच्या गावांपेक्षा ते काही निराळं नव्हतं. इथं शिकला, इथंच एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुट्टीत प्लास्टरमध्ये काम करायचा. तिशीतला, बोलायला कमी, जरा हट्टी. प्रदर्शनाला त्यानं नाव दिलं होतं 'आमचं गाव'. त्यात गावातल्या हॉटेलाबाहेर खुंटीला वेगळी टांगलेली कपबशी होती. शाळेच्या दाराबाहेर बसून धडा ऐकणारा एक मुलगा होता. देवळाच्या पायरीवर लांबून टाकलेला नारळ होता. आणि दालनाच्या मधोमध होती विहीर.

विहिरीचा गोल कठडा शफीकभाईंनी लाकडात बांधून दिला होता, वर भास्करनं प्लास्टर चढवलं होतं. कठड्यावर एक बाई उभी, हातात पोहरा. खाली, जरा अंतरावर, पाच बायका उकिडव्या बसलेल्या, प्रत्येकीपुढं घागर. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पुढं घटनाही आली, पण त्या गावची विहीर होती तशीच राहिली होती. दलित वस्तीतल्या बायकांनी विहिरीला हात लावायचा नाही. त्यांनी घागरी घेऊन लांब बसायचं. वरच्या घरांतली कुणी बाई पाण्याला आली, तिला सवड असली आणि तिच्या मनात आलं, तर ती पाणी शेंदून वरूनच त्यांच्या घागरीत धार धरायची. तोवर बसून राहायचं. भास्करची आई कौसाबाई पोलीस ॲक्शननंतर लवकरच लग्न होऊन त्या गावात आली आणि अशी कैक वर्षं बसली.

त्या पाच बायकांना भास्करनं चेहरे केले नव्हते. गुळगुळीत, कोरे गोल, वर पदर. उभ्या बाईला मात्र नाक-डोळे होते. मला ते आवडलं होतं, हे सरळ सांगते. मी दिवा उजव्या अंगानं, जरा खाली लावला, म्हणजे त्या पाच जणींच्या लांब सावल्या जमिनीवरून सरपटत जाऊन विहिरीच्या कठड्यावर चढल्या. शफीकभाई दोन पावलं मागं सरकून बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, ये अच्छा नै दिख रा. मतलब, अच्छा है." इतकी नेमकी समीक्षा मी नंतर कुठल्याही वर्तमानपत्रात वाचली नाही.

उद्घाटनाला कौसाबाई आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, काटक, हिरवं लुगडं. दाराबाहेर चपला काढून आत आल्या. मी म्हटलं, "मावशी, चपला राहू द्या." त्या म्हणाल्या, "असू द्या बाई, फरशी थंड लागायली." सगळं प्रदर्शन त्यांनी सावकाश बघितलं. कपबशीपाशी हसल्या. विहिरीपाशी आल्या आणि बराच वेळ थांबल्या. आईला काय वाटतंय या चिंतेनं भास्कर मागं उभा.

"भास्करा, तोंडं नाय केलीस आमची?"

भास्कर समजावू लागला. "आई, ह्या पाच जणी म्हणजे नुसत्या पाच जणी नाहीत. आपल्या सगळ्या बाया आहेत. चेहरा केला की ती एकीचीच गोष्ट होते."

"व्हय का," कौसाबाई म्हणाल्या. "पर आम्ही एकीसारखी एक नव्हतो रे. गया नुसती हसायची. तिला लई ओरडा बसायचा त्याच्यापायी."

एवढं बोलून त्या बाजूला जाऊन बसल्या. तेवढ्यात पाहुण्यांनी भास्करला शाल घातली आणि ते बोलणं तिथंच राहिलं. मला ते ऐकू आलं होतं, पण मीही त्यावर फार विचार केला नाही. कोरे चेहरे मला आवडले होते ना.

दोन दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात विहिरीचा फोटो छापून आला, खाली भास्करच्या गावाच्या नावासकट. त्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला. पहिला फोन गावातून, अण्णासाहेबांचा. गावातली मोठी बागायत त्यांची, पूर्वी सरपंच होते. आवाज गोड, शब्द कडक. "मॅडम, आमच्या गावात असलं कधी झालंच नाही. आमचं गाव पहिल्यापासून एका विचाराचं. तुम्ही ते विहिरीचं काढून टाका, नाहीतर आम्ही येतो गाडी भरून." मी म्हटलं, "या ना. चहा सांगून ठेवते." त्यांना ते अपेक्षित नव्हतं.

दुसरा फोन आमच्या समितीच्या अध्यक्षांचा. त्यांचं म्हणणं, काढू नका, पण जरा पडदा लावता येईल का. मी म्हटलं, "पडदा लावला तर लोक आधी पडद्यामागंच बघतील. त्यापेक्षा उघडं बरं." त्यांना ते पटलं. अध्यक्षांना पटवणं फार अवघड नसायचं, ठाम आवाजात शेवटचं वाक्य आपण बोलायचं एवढंच.

खरी अडचण तिसरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दालन उघडलं तेव्हा भास्कर दारात उभा, हातात सुतळी आणि दोन पोती. शेजारी कौसाबाई, पहिल्या एसटीनं आलेल्या.

"मॅडम, विहीर काढतो."

"का?"

"आई गावात राहते. मी इथं. अण्णासाहेबांनी काल घरी माणूस पाठवला होता, पोराला सांग म्हणून. उद्या हिचं रेशन, हिचं पाणी, हिचं जाणं-येणं. मी इथं टाळ्या घ्यायच्या आणि हिनं तिथं भोगायचं?"

पण नियम होता. प्रदर्शन चालू असेपर्यंत दालनातून काही बाहेर जाणार नाही, अशी सही शिल्पकार करून देत असे. मी तोच पुढं केला. भास्कर चिडला. "तुमच्या नियमापेक्षा माझी आई मोठी आहे."

"असेल. पण मग तू आईला तरी विचारलंस का?"

त्यानं आईकडे बघितलं. कौसाबाई बाकावर बसून पदरानं घाम पुसत होत्या. आमच्या दोघांचं भांडण त्या ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. शफीकभाईंनी पोती हळूच उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

मी तेव्हा एकच गोष्ट ठरवली. जे लोक शिल्प काढा म्हणतायत त्यांनी ते बघितलेलं नव्हतं, वर्तमानपत्रातला फोटो बघितला होता. त्यांनी आधी समोर उभं राहून बघावं. मग बोलू. मी अण्णासाहेबांना स्वतः फोन केला आणि बोलावलं. म्हटलं, घरातलं कुणी वडीलधारं असेल तर त्यांनाही आणा, जुनी माहिती त्यांनाच असते. यात माझा काही डाव नव्हता. दालनात म्हातारी माणसं असली की लोक आवाज चढवत नाहीत, हा माझा अनुभव होता.

दुपारी जीप आली. अण्णासाहेब, चार-पाच गावकरी आणि अण्णासाहेबांची आई, ज्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, काठी टेकत पण ताठ चालणाऱ्या. कौसाबाई उठून उभ्या राहिल्या. आक्कांनी त्यांना बघून मान हलवली. "तूबी आलीस का कौसा?"

"पोरानं केलंय नव्हं आक्का."

गावकरी कठड्याभोवती उभे राहिले. अण्णासाहेबांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की हे सगळं कल्पनेतलं आहे, गावाची बदनामी आहे, आणि भास्करनं सगळ्यांसमोर तसं लिहून द्यावं. भास्करनं मुठी आवळल्या. मी मध्ये पडणार एवढ्यात आक्का काठी टेकत विहिरीला पूर्ण फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "हे चुकीचं केलंय."

"तेच सांगतोय मी, आई," अण्णासाहेब म्हणाले.

"आपल्या विहिरीला रहाट होता. ह्यानं रहाटच नाय केला." काठीनं त्यांनी उभ्या बाईच्या पायाशी ठोकलं. "आन् पोहरा असला नसतो. आन् ह्या बाया इकडं कुठं बसवल्या? ह्या उगवतीला बसायच्या नाय. मावळतीला बसायच्या, त्या दगडापाशी."

गावकरी एकमेकांकडे बघू लागले. आक्कांचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं.

"सकाळच्या पारी पाण्याला यायच्या ना त्या. उगवतीला बसल्या असत्या तर सावली विहिरीवर नसती का पडली? माझी सासू लई कडक. एकदा एक बाई चुकून इकडं आली तर त्या दिवशी समदं पाणी उपसायला लावलं व्हतं तिनं. इथं बगा, समद्या सावल्या वर चढायल्यात." काठी माझ्या त्या उजव्या अंगाच्या दिव्याकडे वळली. "हा दिवा कुणी लावला?"

"मी लावला," मी म्हटलं.

"चुकीचा लावलाय."

अण्णासाहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. "आई, तू गप बस जरा."

"गप कशाला? चुकीचं केलंय ते चुकीचंच की. तुला काय ठावं, तू तवा अंगणात रांगत व्हतास." आणि त्या कठड्यावरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथं मी उभी राहायचे. हात दुखून यायचे. वरून धार धरायची म्हणजे सोपं हाय का? जरा हललं की समदं भुईवर."

गावकऱ्यांपैकी एक जण बाहेर जाऊन उभा राहिला, मग दुसरा. गावात असलं काही नव्हतंच, हे सांगायला आलेली जीप होती ती. मला हसू येत होतं.

मी शफीकभाईंना खूण केली. दिवा काढून दुसऱ्या अंगाला लावावा, असं मनात आलं. माहिती मिळाल्यावर मांडणी दुरुस्त करायची, ही सवयच होती. शफीकभाई शिडी आणायला वळले, तेवढ्यात कौसाबाई मध्येच बोलल्या.

"बाई, दिवा राहू द्या तिथंच. पडू द्या सावली."

शफीकभाई शिडी हातात धरून थांबले आणि मग त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली.

कौसाबाई पुढं आल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आक्का, तुम्हाला इतकं ध्यानात हाय. मी कुठं बसायचे ते सांगा."

आक्कांनी त्या पाच कोऱ्या गोलांकडे बघितलं. मग कौसाबाईंकडे. मग पुन्हा शिल्पाकडे. "घागरी ध्यानात हायत," त्या म्हणाल्या. "एक चेपलेली व्हती, बुडाला. एकीच्या काठाला फडकं बांधलेलं. एक मातीची, तिच्यात लई हळू धार धरावी लागायची."

"चेपलेली माझी," कौसाबाई म्हणाल्या.

"तुझी व्हय?" आक्का थांबल्या. काठीवरचे दोन्ही हात एकावर एक ठेवले. "ओतताना घागरीच्या काठाकडं बघावं लागायचं गं. नजर हटली की पाणी सांडायचं. वर कधी बघितलंच नाय." आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "इतकी वर्सं पाणी घातलं. मला त्या वक्ताचं एकीचंबी तोंड आठवत नाय."

अण्णासाहेब दारापर्यंत गेले होते. तिथंच थांबले. त्यांनी पुन्हा लिहून देण्याचं नाव काढलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

भास्करनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, काढू का ही? तू सांगशील तसं करतो."

"काढायचं कशाला? गावात मी राहते, कुणाला काय वाटायचं ते मी बघून घेते." त्यांनी त्याचा हात खांद्यावरून बाजूला केला. "तोंडं कर म्हणते मी पहिल्या दिसापास्नं. आम्हाला तोंडं व्हती. तिथं वर कुणी बघितली नाय, ते त्यांचं. तू तर बघ."

मी शिल्पांच्या प्रदर्शनात इतकी वर्षं घालवली, कलेवरची किती भाषणं ऐकली. कोऱ्या चेहऱ्यांचं कौतुक करताना आपण कुठून बघतोय याचा विचार मी केला नव्हता. आम्ही सगळे, मी, भास्कर, वर्तमानपत्रवाले, कठड्यावरूनच बघत होतो. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि मला त्याची लाज नाही, आनंद वाटला, कारण अजून वेळ गेलेली नव्हती. प्रदर्शनाचे दिवस बाकी होते.

दालनात काम करायची परवानगी नव्हती. धूळ होते, फरशी खराब होते. मी ती परवानगी तिथल्या तिथं दिली. अध्यक्षांना नंतर सांगितलं आणि ठाम आवाजात शेवटचं वाक्य मीच बोलले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सुकलेल्या प्लास्टरवर ओलं प्लास्टर धरत नाही. जुनं प्लास्टर कोरडं ठणठणीत असतं, ते नव्यातलं पाणी ओढून घेतं आणि नवं तडकून गळून पडतं. म्हणून आधी त्यावर खाचा पाडायच्या आणि मग त्याला पोटभर पाणी पाजायचं, ते आणखी प्यायचं थांबेपर्यंत. त्याशिवाय नाक नाही की ओठ नाही. आणि माझी एक खंत याच जागी सांगून टाकते. ते काम धातूत ओतायला हवं होतं. मी समितीपुढं विषय नेला, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीवर ढकललं, ती पुढची बैठक कधीच झाली नाही. भास्करच्या घराच्या पडवीत त्या बायका काही पावसाळे टिकल्या, मग त्यांचे काठ झिजू लागले. अध्यक्षांवर चाललेला माझा आवाज तिथं मात्र कमी पडला.

पण त्या दुपारी त्या होत्या. भास्करनं पटाशीनं पहिल्या गोलावर खाचा पाडल्या. शफीकभाईंनी बादली भरून आणली आणि तिच्यात स्टीलचा तांब्या टाकला. भास्कर प्लास्टरची पिशवी फोडायला खाली वाकला आणि न बघताच म्हणाला, "कुणीतरी जरा पाणी घाला हिच्यावर."

आक्का सगळ्यांत जवळ होत्या. त्यांनी काठी कठड्याला टेकवली आणि तांब्या उचलला. त्यात कसलाही विचार नव्हता, हात सवयीनं पुढं गेला एवढंच. तांब्या भरला, वर उचलला आणि त्या धार धरायच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या, मागं कठड्यावर उभ्या असलेल्या त्या प्लास्टरच्या बाईसारख्याच.

कौसाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. जोरात नाही. आक्कांच्या मनगटाला त्यांची बोटं लागली, आणि दोघींनाही ते कळलं, असं मला वाटतं, कारण दोघी क्षणभर तशाच राहिल्या.

"राहू द्या आक्का," कौसाबाई म्हणाल्या. "हिला पाणी मी घालते."

आक्कांनी तांब्या सोडला. कौसाबाईंनी त्या कोऱ्या डोक्यावर सावकाश पाणी घातलं, दुसऱ्या हातानं पाठीवरून फिरवत, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं. प्लास्टर पाणी पीत होतं, बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. कौसाबाईंनी तांब्या पुन्हा भरला. आक्का काठी न घेताच दोन पावलं पुढं आल्या आणि कमरेत वाकून त्या ओल्या गोलाकडे बघू लागल्या.

"ही कोण गं?"

"ही गया. हसायची ती."

"गया," आक्का म्हणाल्या. मग शेजारच्या बाईकडे वळल्या. "आन् ही?"

कौसाबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं आणि पदर मागं सारून आक्कांच्या समोर उभ्या राहिल्या.

"ही मी. नीट बघून घ्या."